रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर: सीट निवडण्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

नीट-पीजीच्या समुपदेशनात रेडिएशन ऑन्कॉलॉजीची, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करणाऱ्या शाखेची, सीट बरेच जण दोन कारणांनी घेतात. रेडिओडायग्नोसिस (एक्स-रे, सीटी बघून निदान करणारी शाखा) हाती लागलं नाही म्हणून, नाहीतर ‘रात्रपाळ्या कमी’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पहिल्या कारणातला घोटाळा असा, की या दोन शाखांत क्ष-किरण सोडले तर सामाईक फार थोडं आहे. इथे ओपीडीत मानेतल्या गाठी चाचपायच्या असतात, स्कोप घालून घसा बघायचा असतो, गर्भाशयमुखाची तपासणी करून रोग कडेच्या भिंतीपर्यंत गेलाय का ते बोटांनी ठरवायचं असतं, केमो लिहायची असते. त्यानंतर संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसून सीटीच्या एकेका स्लाइसवर, किरण कुठे द्यायचे आणि कुठे टाळायचे ते दाखवणाऱ्या, रेघा ओढायच्या असतात. दुसरं कारण बरंचसं खरं आहे. पण रात्रपाळी वाचते तो वेळ या रेघांमध्येच जातो.

यंत्र कितीही महाग असलं तरी निकाल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: रेघ कुठे ओढली आणि उपचार ठरल्या तारखेला संपले का. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

सीट घेताना काय बघायचं

रस्ता सरळ आहे: एमबीबीएस, इंटर्नशिप, नीट-पीजी आणि मग तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. मुंबईतल्या टाटा मेमोरियलचं एमडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाचं. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांचं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. सरकारी महाविद्यालयातून एमडी केलं तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते आणि ती टाळली तर ५० लाख रुपये दंड. सीट घेण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला बंधपत्राचा मजकूर शब्दन् शब्द वाचा.

विभाग बघायला गेलात की सगळ्यात आधी नवं लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं यंत्र) दाखवतील. दाखवू द्या, पण विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ब्रेकीथेरपी (किरणांचा सोर्स शरीरात गाठीजवळ नेऊन करायचे उपचार) चालू आहे का, आणि त्यासाठी साधन आत बसवण्याची, म्हणजे ॲप्लिकेशनची, संख्या आठवड्याला किती? रेसिडेंट स्वतःच्या हाताने करतो का, की नुसता उभा राहतो? मेडिकल फिजिसिस्ट किती, आणि ते शिकवतात का? कॉन्टूर, म्हणजे त्या रेघा, रेसिडेंट काढतो की तयार मिळतो, आणि त्यावर कन्सल्टंट शेजारी बसून लाल रेघ मारतो का? ट्यूमर बोर्ड (कॅन्सरच्या सगळ्या शाखांच्या डॉक्टरांची एकत्र बैठक) ठरल्या दिवशी भरतो का? कोबाल्टचं (किरणोत्सारी धातूवर चालणारं) जुनं यंत्र आणि खच्चून भरलेली ओपीडी असलेला विभाग तीन वर्षांत जे शिकवतो, ते झगमगीत यंत्र आणि दिवसाला चार नवे रुग्ण असलेल्या ठिकाणी शिकायला मिळत नाही. कोबाल्टला नाक मुरडू नये. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं भाभाट्रॉन देशात अनेक ठिकाणी काम करतंय. हाताने फील्ड लावून, लिनॅकच्या मॉनिटर युनिटऐवजी मिनिटांत वेळ काढायला शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटरने दिलेला चुकीचा आकडा लगेच खटकतो.

प्रोटॉनचं आकर्षण अनेकांना असतं. चेन्नईत खासगी केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रातही प्रोटॉन उपचार होतात. पण आयुष्यभर जे रुग्ण बघाल त्यांतल्या बहुतेकांना फोटॉननेच (नेहमीच्या क्ष किंवा गॅमा किरणांनी) उपचार द्यायचे आहेत. सीट त्या हिशेबाने निवडा.

पहिले सहा महिने: भौतिकशास्त्र टाळू नका

बारावीनंतर सोडलेलं भौतिकशास्त्र इथे परत समोर येतं. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉन गनपासून टार्गेट, फ्लॅटनिंग फिल्टर, आयन चेंबर आणि मल्टिलीफ कॉलिमेटरपर्यंत काय काय आहे ते यंत्राचं झाकण उघडं असताना, म्हणजे सर्व्हिसच्या दिवशी, फिजिसिस्टच्या मागे उभं राहून बघा. काही आकडे झोपेत विचारले तरी यायला हवेत. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, सरासरी ऊर्जा १.२५ एमईव्ही, इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. कोबाल्टचा डोस त्वचेखाली अर्ध्या सेंटिमीटरवर सर्वाधिक असतो, लिनॅकच्या ६ एमव्ही किरणांचा दीड सेंटिमीटरवर. म्हणूनच त्वचेपर्यंत आलेल्या रोगाला ६ एमव्ही देताना वर बोलस (डोस त्वचेपर्यंत आणणारा थर) ठेवायचा की नाही, हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो.

रेडिओबायॉलॉजीतलं रोज वापरायचं हत्यार म्हणजे लिनियर-क्वाड्रॅटिक सूत्र. वेगवेगळ्या मात्रा २ ग्रेच्या मापात आणायच्या (ग्रे हे डोसचं एकक, फ्रॅक्शन म्हणजे एका वेळी दिलेला हप्ता, अल्फा-बीटा म्हणजे ऊतीचा मोठ्या हप्त्याला प्रतिसाद दाखवणारा आकडा): एकूण डोस गुणिले (दर फ्रॅक्शनचा डोस अधिक अल्फा-बीटा), भागिले (२ अधिक अल्फा-बीटा). हाडातल्या दुखऱ्या गाठीला एकाच वेळी ८ ग्रे दिले, तर अल्फा-बीटा १० असलेल्या गाठीला ते १२ ग्रेइतके लागतात, पण अल्फा-बीटा ३ असलेल्या, उशिरा इजा दाखवणाऱ्या ऊतीला १७.६ ग्रेइतके. मणक्याला आधी १० फ्रॅक्शनमध्ये ३० ग्रे देऊन झाले असतील, तर मज्जारज्जूने (अल्फा-बीटा २ धरून) ३७.५ ग्रेइतका मार आधीच खाल्लेला असतो. रुग्ण सहा महिन्यांनी त्याच जागी दुखतंय म्हणून परत आला, की हे गणित कागदावर मांडल्याशिवाय पेन चालवायचं नाही. जुन्या उपचाराचे कागद नसतील तर ते मागवण्यासाठी फोन करणं हे ज्युनियर रेसिडेंटचं काम, आणि ते कंटाळवाणं असलं तरी फार मोठं काम आहे.

एक रुग्ण, सुरुवातीपासून: गालाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेला

महाराष्ट्रात तंबाखू-मावा-गुटख्यामुळे हा रुग्ण तुम्हाला रोज भेटणार, म्हणून पद्धत याच्यावरच पक्की करावी.

पहिली गोष्ट तारीख. शस्त्रक्रियेची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठी लिहा. त्यापासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. रुग्ण येतो तेव्हा बहुधा तीन आठवडे गेलेले असतात, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायचा असतो. रिपोर्टमध्ये गाठीची खोली, कडा किती मिलिमीटर मोकळ्या आहेत, नसेभोवती रोग आहे का, किती गाठी काढल्या आणि किती लागण झालेल्या, आणि रोग लिम्फ गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का, एवढं असायलाच हवं. कवच फुटलेलं असेल किंवा कडेवर रोग असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. यांतली एखादी ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर पॅथॉलॉजिस्टला भेटा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट दात. किडलेले दात शस्त्रक्रियेतच निघालेले बरे. राहिले असतील तर लगेच दंतवैद्याकडे, म्हणजे रेडिएशन सुरू होईपर्यंत जखम भरायला दोन ते तीन आठवडे मिळतात. ७० ग्रेच्या जवळपास डोस घेतलेल्या जबड्यातून वर्षभराने दात उपटला तर हाड सडण्याचा धोका असतो, हे रुग्णाला आणि त्याच्या गावच्या डेंटिस्टला चिठ्ठीवर लिहून द्या. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये नोंदवा. ३५ च्या खाली असेल तर व्यायाम आजपासूनच सुरू करायचा.

तिसरी गोष्ट डोकं-मान हलू न देणारा मास्क, आणि इथे होणाऱ्या चुका सात आठवडे पाठ सोडत नाहीत. थर्मोप्लास्टिकचा पत्रा ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ होतो, चेहऱ्यावर ओढून बसवला की काही मिनिटांत घट्ट होतो. त्याआधी पुढच्या गोष्टी बघायच्या. दाढी आजच करा, कारण आठवड्याने केली तर मास्क सैल. बायकांचा अंबाडा सोडायला लावा. अंबाड्यावर डोकं टेकलं की मान वर उचलली जाते, आणि उद्या अंबाडा वेगळ्या जागी बांधला की मानेचा कोन बदलतो. कवळी, नथ, मंगळसूत्र काढून नातेवाइकाकडे. ट्रॅकिओस्टॉमीची (गळ्यातून श्वास घ्यायची) नळी धातूची असेल तर प्लॅस्टिकची घालून घ्या, मग सिम्युलेशन (उपचाराच्या स्थितीत झोपवून मास्क आणि प्लॅनिंगचा स्कॅन). नाकातून अन्न द्यायची नळी लागणारच असेल तर ती आधी घाला. नंतर घातली की मास्क नाकावर बसत नाही. खांदे खाली ओढलेले असू देत. नाकाचं हाड, हनुवटी आणि कपाळ या तीन जागी मास्क त्वचेला टेकलाय का, बोट फिरवून बघा. तंत्रज्ञ हे सगळं करतातच, पण पहिली दोन वर्षं तुम्ही तिथे उभं राहायचं.

सीटी ३ मिलिमीटरच्या स्लाइसने, डोक्याच्या माथ्यापासून श्वासनलिका दुभंगते तिथपर्यंत, कॉन्ट्रास्ट देऊन. क्रिएटिनिन आधी बघा, ते सिस्प्लॅटिनसाठीही लागणारच आहे. टाक्यांच्या रेषेवर तार चिकटवा, नाहीतर स्क्रीनवर व्रण शोधत बसाल.

आता रेघ. शस्त्रक्रियेआधीचं स्कॅन शेजारी उघडा आणि मूळ गाठ कुठे होती ते आजच्या, फ्लॅप (दुसरीकडून आणून जोडलेला मांसाचा तुकडा) बसवलेल्या शरीररचनेवर मांडा. ऑपरेशनच्या नोंदी वाचा; सर्जनला फोन करून ‘कडा कुठे घट्ट वाटली?’ हे विचारण्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. फ्लॅपच्या शिवणीची जागा सुटू देऊ नका, रोग तिथेच उलटतो. सीटीव्ही (रोग असू शकेल तो भाग) काढल्यावर पीटीव्हीसाठी (रुग्ण थोडा हलेल हे धरून वाढवलेला भाग) ५ मिलिमीटर वाढ, रोज इमेजिंग असेल तर ३. त्वचेत रोग नसेल तर पीटीव्ही त्वचेपासून ३ मिलिमीटर आत घ्या. नाहीतर प्लॅनिंगचा कॉम्प्युटर हवेतल्या भागाला डोस पोचवायच्या नादात त्वचा जाळतो. मग जपायचे अवयव: मज्जारज्जू आणि त्याभोवती ५ मिलिमीटर, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), दोन्ही पॅरॉटिड (कानाजवळच्या लाळग्रंथी), स्वरयंत्र, जबड्याचं हाड, गिळण्याचे स्नायू. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे मज्जारज्जूऐवजी अख्खी मणक्याची पोकळी एका ठिकाणी आणि नुसता रज्जू दुसऱ्या ठिकाणी काढणं. विभागात एकच पद्धत ठरवा आणि तीच सगळ्यांनी पाळा.

प्रिस्क्रिप्शन: शस्त्रक्रियेनंतर ३० फ्रॅक्शनमध्ये ६० ग्रे, कवच फुटलेल्या किंवा कडेवर रोग असलेल्या जागेला ६६ पर्यंत. शस्त्रक्रिया नसती तर ३५ मध्ये ७०. रज्जूला कमाल ४५, ब्रेनस्टेमला ५४, वाचवायच्या पॅरॉटिडची सरासरी २६ च्या आत.

फिजिसिस्ट प्लॅन दाखवतो तेव्हा आलेख बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. डीव्हीएच, म्हणजे तो आलेख, किती डोस कुठल्या आकारमानाला गेला ते सांगतो. तो नेमका कुठे गेला ते सांगत नाही. पीटीव्हीच्या ९५ टक्के भागाला ९५ टक्के डोस मिळाला, पण उरलेले पाच टक्के नेमके शिवणीवर असले तर? म्हणून पहिल्या स्लाइसपासून शेवटपर्यंत स्क्रोल करा. १०७ टक्क्यांवरचा डोस जबड्याच्या हाडात साचलाय का ते बघा. बाजू, म्हणजे डावं-उजवं, रुग्णाच्या फाइलवरून, स्कॅनवरून आणि प्रिस्क्रिप्शनवरून तीनदा ताडून बघा. यंत्राचा दोष दुर्मीळ असतो. चुका होतात त्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कागद जाताना.

मग फिजिसिस्ट प्लॅन फँटमवर (रुग्णाऐवजी ठेवलेल्या ठोकळ्यावर) चालवून तपासतो. गॅमा चाचणी (मोजलेला डोस प्लॅनशी ताडणं), साधारण ३ टक्के आणि २ मिलिमीटरच्या निकषावर, ९५ टक्के बिंदू पास व्हायला हवेत. नापास झाला तर घाई करून सही मागणाऱ्याला सही देऊ नका.

पहिल्या दिवशी यंत्राच्या खोलीत हजर राहा. कोन-बीम सीटी (यंत्रावरच काढलेला स्कॅन) मानेच्या मणक्यांवर जुळवतात. ५ मिलिमीटरहून जास्त सरकवावं लागलं तर सरकवून पुढे जाण्याआधी कारण शोधा: नेक-रेस्ट बदललीय का, अंबाडा आलाय का, खांदे वर गेलेत का? रेडिएशन चालू असताना बाकी सगळे बाहेर, रुग्ण आत एकटा. ‘लाइट’, ‘शेक’, ‘करंट’ अशी नावं ऐकून आलेल्या माणसाला चटका बसेल अशीच धास्ती असते. काही जाणवणार नाही, मायक्रोफोनवर तुमचा आवाज आम्हाला येतो, हात वर केलात तर आम्ही थांबवू, हे आत शिरण्याआधी सांगा.

आठवड्याची तपासणी

दर आठवड्याला वजन, तोंड, त्वचा, सीबीसी, क्रिएटिनिन. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटायला लागतं आणि चव जाते; तेव्हा रुग्ण जेवण सोडतो. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या. तिखट, मसाला आणि आंबट बंद. नाचणीची पेज, मऊ वरण-भात, अंडं, दूध, केळं. पांढरा थर दिसला तर बुरशी समजून औषध द्या, तोंड आलंय म्हणून सोडू नका. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर मॉर्फिन द्यायला कचरू नका. रुग्णाच्या घरच्यांना त्या नावाची भीती वाटते. ती मोडायला पाच मिनिटं लागतात आणि त्यातून अख्खा कोर्स वाचतो.

रेडिएशन दिलेल्या जागेवर बाम, हळद-चंदनाचे लेप, सुगंधी साबण नकोत. कॉलरचा शर्ट घासतो, बिनकॉलरचा सुती सदरा घालायला सांगा. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं किंवा मास्कमध्ये गालाशी बोट शिरायला लागलं की पुन्हा स्कॅन करून प्लॅन नव्याने. पातळ झालेल्या मानेत पॅरॉटिड आत सरकते आणि जास्त डोस खाते.

खंड पडला तर

रुग्णांच्या तोंडावरून हे कधीच कळत नाही, पण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. स्क्वॅमस कॅन्सरच्या (तोंड, घसा, गर्भाशयमुख यांतला नेहमीचा प्रकार) उरलेल्या पेशी साधारण चौथ्या आठवड्यापासून वेगाने वाढायला लागतात. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शनात अशा रुग्णांना पहिल्या गटात टाकलंय: ठरल्या मुदतीपेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबायला नको.

खंड का पडतो? यंत्र बंद, दिवाळी-गणपती, पेरणी, पैसे संपले, तोंड इतकं आलं की रुग्ण गावी निघून गेला. यंत्र आणि सण यांची तजवीज आपल्या हातात आहे. वर्षाच्या सुट्ट्या जानेवारीतच मांडून जोडसुट्टीच्या आधीच्या शनिवारी डोस लावा. भरपाईचे मार्ग पसंतीच्या क्रमाने: शनिवार किंवा रविवार, मग एका दिवशी दोन फ्रॅक्शन, मधे किमान सहा तास, आणि दोन्ही जमत नसेल तरच गणित करून फ्रॅक्शनचा डोस वाढवणं किंवा जादा फ्रॅक्शन. दुपारी चार वाजता फोन करून ‘आज का आला नाहीत?’ विचारणारा माणूस विभागात असलाच पाहिजे. तो माणूस नेमायला नवं यंत्र घेण्याच्या मानाने काहीच खर्च येत नाही, तरी तो फार थोड्या ठिकाणी असतो.

गावाहून येणाऱ्याची राहायची सोय आणि योजनेचे कागद यांचाही यात हात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अडकली की सिम्युलेशन झालेला रुग्ण आठवडाभर नुसता बसून राहतो. रेशनकार्ड, आधार, बायॉप्सीचा रिपोर्ट, स्टेजिंगचं स्कॅन आणि ट्यूमर बोर्डाची नोंद पहिल्याच भेटीत गोळा करा. नावातला एक अक्षराचा फरकसुद्धा मंजुरी परत पाठवतो.

ब्रेकीथेरपी: हे हातानेच शिकावं लागतं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून २५ फ्रॅक्शनमध्ये ४५ ते ५० ग्रे, आठवड्याला चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन, आणि मग ब्रेकी. तिसऱ्या-बी स्टेजच्या ८५० रुग्णांवर टाटामध्ये झालेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये छापले गेले. सिस्प्लॅटिन जोडल्याने पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. पण केमो कितीही दिली तरी ब्रेकी टाळून चालत नाही. बाहेरच्या डोसला मूत्राशय आणि गुदाशयाची मर्यादा आड येते. गाठीला पोचवायचा उरलेला अर्धा डोस आतूनच द्यावा लागतो.

सगळे उपचार ५६ दिवसांत संपायला हवेत. म्हणून चौथ्या आठवड्यात तपासणी करून गाठ किती आक्रसली ते बघा आणि ब्रेकीची तारीख तेव्हाच ठरवा. हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवा.

स्पायनल किंवा सिडेशनखाली पहिलं काम मूत्राशयात कॅथेटर घालून फुग्यात ७ मिलिलिटर पातळ केलेलं कॉन्ट्रास्ट. मग साउंड (मोजायची सळई) घालून गर्भाशयाची लांबी मोजायची. साउंड आडकाठीशिवाय अपेक्षेपेक्षा खोल गेला तर थांबा. पोकळीला भोक पडलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हा असते. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून टँडम (गर्भाशयात जाणारी नळी) घातला तर हा धोका खूप घटतो, म्हणून प्रोब मागायला लाजू नका. टँडम, त्याच्या दोन बाजूंना दोन ओव्हॉइड (हे मिळून ॲप्लिकेटर), मग पॅकिंग. पॅकिंगची कला अशी, की गॉज मूत्राशय आणि गुदाशय यांना ॲप्लिकेटरपासून लांब ढकलतो; पण ओव्हॉइडच्या वर गेला तर ॲप्लिकेटरच खाली सरकतो आणि गर्भाशयमुख डोसला मुकतं.

पूर्वी सगळं पॉइंट-ए वर चालायचं: मँचेस्टर पद्धतीत योनीच्या वरच्या कोपऱ्यापासून २ सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या नळीपासून २ सेंटिमीटर बाजूला. आता सीटी किंवा एमआरआयवर गाठीचा भाग रेखून त्याच्या ९० टक्के आकारमानाला, बाहेरचा डोस धरून, ८५ ग्रे किंवा जास्त पोचवायचे. मूत्राशयाच्या सर्वाधिक डोस खाणाऱ्या २ घन सेंटिमीटरला ९० च्या आत, गुदाशय आणि सिग्मॉइडला ७५ च्या आत. सात ग्रेची चार ॲप्लिकेशन २ ग्रेच्या मापात गाठीला सुमारे ४० ग्रे होतात. बाहेरचे ४५ (याच मापात सुमारे ४४) मिळवले की ८४ च्या आसपास भरतं. मोठ्या उरलेल्या गाठीला ते पुरत नाही आणि सुया घालाव्या लागतात.

सीटी ते उपचार या मधल्या वेळात बाईला स्ट्रेचरवरून टेबलावर कमीत कमी हलवा आणि मूत्राशय सीटीच्या वेळी होतं तितकंच भरलेलं ठेवा. प्लॅन बरोबर असूनही डोस चुकतो तो इथेच.

इरिडियमचा सोर्स रोज जवळजवळ एक टक्क्याने उतरतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा लागतो. मागणी वेळेत गेली नाही की ब्रेकी बंद, आणि ५६ दिवसांचं गणित कोलमडतं. सोर्स आतच अडकला तर काय करायचं याचा सराव खोटा सोर्स घेऊन वर्षातून अनेकदा करा: आपत्कालीन बटण, हाताने क्रँक, तरीही नाही आला तर अख्खा ॲप्लिकेटर काढून शिशाच्या भांड्यात. ते भांडं आणि लांब चिमटा खोलीतच हवा, कपाटात कुलूपबंद नको. हे काम मिनिटांचं नाही, सेकंदांचं आहे.

जाता जाता: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं काम करणाऱ्याने बार्शीकडे लक्ष द्यावं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली, आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या चाचणीत एकाच एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणीने या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. एमडीतल्या तीन महिन्यांच्या जिल्हा रेसिडेन्सीत नुसती ओपीडी बघत बसण्यापेक्षा हे काम शिकून घ्यावं.

स्वतःची सुरक्षा

या शाखेत डॉक्टरला मिळणारा डोस लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असतो, कारण बीम चालू असताना आपण जाड काँक्रीटच्या पलीकडे असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा) छातीवर लावा, शिशाचा ॲप्रन घातला तर त्याच्या आत. बॅजचा आकडा अचानक चढला की बऱ्याचदा कारण एकच: कोट यंत्राच्या खोलीत टांगून ठेवलेला. गरोदर असाल तर लगेच रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा. कामाची वाटणी बदलते, सीट सोडावी लागत नाही. या शाखेत स्त्रियांना जागा नाही असं कुणी म्हणालं, तर टाटा मेमोरियलच्या संचालकपदी राहिलेल्या डॉ. केतयून दिनशॉ रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टच होत्या, एवढं सांगा.

खरा धोका पाठीला आणि डोळ्यांना. खुर्ची चांगली मागून घ्या.

एमडीनंतर

थिसिसचा विषय पहिल्या सहा महिन्यांत ठरतो, तेव्हा तीन वर्षांत पुरेसे रुग्ण मिळतील असाच निवडा. दुर्मीळ गाठीचा मोह धरला तर शेवटच्या सहा महिन्यांत आकडे जमत नाहीत. बंधपत्र संपलं की सिनियर रेसिडेन्सी किंवा फेलोशिप अशा ठिकाणी करा जिथे एमडीत न मिळालेली गोष्ट मिळेल. ब्रेकी कमी झाली असेल तर ब्रेकी, स्टिरिओटॅक्सी (छोट्या जागेवर थोड्या फ्रॅक्शनमध्ये नेमका मोठा डोस) बघितलीच नसेल तर ती. ब्रिटनला जायचं असेल तर एफआरसीआर या रॉयल कॉलेजच्या परीक्षेचा पहिला भाग रेसिडेन्सीतच द्या. भौतिकशास्त्र, रेडिओबायॉलॉजी, संख्याशास्त्र आणि औषधशास्त्र तेव्हा ताजं असतं. तिथला क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट केमोही देतो. केमोकडेच ओढा असेल त्यांच्यासाठी मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या डीएमचा रस्ता एमडी रेडिओथेरपीवाल्यांना खुला राहिला आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी घेताना पगाराआधी पुढच्या गोष्टी विचारा. यंत्राचा नियामक मंडळाचा परवाना चालू आहे का, तो कागदावर बघा. फिजिसिस्ट पूर्णवेळ आहे का, की आठवड्यातून दोनदा दुसऱ्या शहरातून येतो? सर्व्हिस करारात सुटे भाग धरलेत का? एका यंत्रावर दिवसाला किती रुग्ण? प्लॅन नापास करण्याचा, उपचार एक दिवस पुढे ढकलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का? महिन्याला अमुक इतके रुग्ण ‘आणायचे’ अशी अट करारात असेल तर त्या करारावर सही करू नका. दोन-तीन फ्रॅक्शनमध्ये भागणाऱ्या दुखण्याला तीस फ्रॅक्शन लिहिण्याचा दबाव तिथूनच येतो. हाडाच्या दुखण्याला बहुतेक वेळा ८ ग्रेचा एकच डोस पुरतो, आणि दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तोच द्यावा.

नोकरी सोडायचं ठरलं तर नोटीस नियमानुसार द्या, पण स्वतःच्या शेवटच्या सिम्युलेशनची तारीख निघण्याच्या किमान आठ आठवडे आधीची धरा. त्यानंतर आलेला नवा मूलोपचाराचा (रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार घेणारा) रुग्ण पहिल्या दिवसापासून जो डॉक्टर राहणार आहे त्याच्या नावावर सुरू करा, आणि चालू असलेल्या प्रत्येकाच्या फाइलवर किती फ्रॅक्शन झाले, किती उरले आणि पुन्हा स्कॅन कधी करायचा ते लिहून द्या.